फिटनेस बँड घ्यावा का? धानोऱ्याच्या दुकानदाराचा सरळ हिशेब



मशीन घ्यायचं की नाही, यावर आपण चॅनलवर बरंच बोलतो. पिठाची गिरणी, झेरॉक्स मशीन, डीप फ्रीजर, पापड मशीन. प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो: पैसे टाकले, तर परत काय येणार आणि कधी येणार? आज हाच प्रश्न मनगटावरच्या एका छोट्या मशीनला विचारायचा आहे. फिटनेस बँड म्हणा, स्मार्टवॉच म्हणा, काम साधारण एकच.

धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात हे मशीन आता नवीन राहिलेलं नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या हातात दिसतं, मास्तरांच्या हातात दिसतं, मोबाईलच्या दुकानात काचेमागे टांगलेलं दिसतं. किंमत हजार-बाराशेपासून चार-पाच हजारांपर्यंत. त्यामुळे दुकानदार मित्र विचारतात, "सर, दिवसभर गल्ल्यावर बसून पोट सुटलंय. बँड घेऊ का?"

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देऊन मी मोकळा होणार नाही. पण नियम आधीच सांगून ठेवतो. जे यंत्र आकडा दाखवतं, ते घ्यायच्या आधी विचारा: हा आकडा पाहून मी उद्या काय वेगळं करणार? उत्तर तयार असेल तर घ्या. नसेल तर तो दागिना आहे. दागिना घ्यायलाही हरकत नाही, पण मग त्याला आरोग्याची गुंतवणूक म्हणू नका.

आता हा नियम पायरी-पायरीने लावून पाहू.

पायरी १: किंमत नाही, महिन्याचा खर्च काढा

समजा बँड २,४९९ रुपयांचा आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे बरोबर ८ दिवसांची मजुरी. आठ दिवस उन्हात माती उचलली की एक बँड. आपल्या भागात किंमत अशीच मोजायला हवी.

आता वापराचं आयुष्य धरा. बहुतेक बँडची बॅटरी आत चिकटवलेली असते, ती बदलून मिळत नाही. म्हणून दोन वर्षं धरू. मधे एकदा पट्टा तुटणार, त्याचे ३०० रुपये. एकूण २,८०० रुपये भागिले २४ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ११७ रुपये. हे काही फार नाही. चहाला यापेक्षा जास्त जातात.

पण हा हिशेब २४ महिने वापरला तरच खरा. तीन महिने घालून मग ड्रॉवरमध्ये टाकला, तर तोच बँड महिन्याला ८३३ रुपयांना पडला. म्हणजे प्रश्न किमतीचा नाही, वापराचा आहे. गिरणी घेतली आणि बंद ठेवली तर ती कितीही स्वस्त मिळालेली असो, तोट्यातच.

लोक खरंच किती दिवस घालतात? सिंगापूरमध्ये १३ कंपन्यांमधल्या ८०० कर्मचाऱ्यांवर वर्षभराचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नुसतं ट्रॅकर दिलं, काहींना ट्रॅकर आणि पावलं पूर्ण केली की रोख पैसे, काहींच्या नावाने दानधर्माला पैसे. पैसे चालू होते तोवर रोख मिळणारे चांगले चालले. सहा महिन्यांनी पैसे थांबले, तसं चालणंही उतरलं. वर्ष संपलं तेव्हा फक्त दहा टक्क्यांच्या आसपास लोकांच्या अंगावर ट्रॅकर उरलं होतं. वजनात, रक्तदाबात म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

दहातले नऊ सोडून देतात, हे लक्षात ठेवा. आपण दहावे आहोत की नाही, हे आधी तपासायचं. कसं, ते शेवटी सांगतो.

पायरी २: आपल्याच जिल्ह्यातलं एक यंत्र बघा

चांगलं मोजणारं यंत्र कसं असतं हे शिकायला परदेशात जायची गरज नाही. गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तिथून काम करते. संस्था १९८६ ची.

त्या काळी इथल्या गावांत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे बाळाचा श्वास जोरात चालणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापेक्षा थोड्या मोठ्या बाळाचा ५० किंवा जास्त झाला की धोका. पण हे मोजणार कोण? गावात दाई होती. तिचा हात बाळंतपणात कसलेला, पण तिला ६० पर्यंत आकडे मोजता येत नव्हते आणि तिच्याकडे घड्याळही नव्हतं.

मग त्यांनी श्वास मोजायचं एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया समजायचा आणि लगेच उपचार सुरू. बॅटरी नाही, ॲप नाही, चार्जर नाही. गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखायचा आणि तिथेच औषध द्यायचं, या पद्धतीने बालमृत्यू घटले. गडचिरोलीतल्या या कामाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यात उद्योजकाने शिकण्यासारखं काय आहे? मणी स्वस्त होते, हे नाही. लाल मणी आला की पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं, आणि औषध हाताशी होतं. आकडा, त्याचा अर्थ आणि पुढची कृती, तिन्ही एका ओळीत बसवलेली होती.

आता बँडकडे बघा. तो सांगतो: आज ४,२१२ पावलं, झोपेचा स्कोअर ७१, स्ट्रेस ३८. बरं मग? लाल मणी कुठे आहे? तो बँडमध्ये येत नाही. तो तुम्हाला स्वतःला बसवावा लागतो.

पायरी ३: बँडला काय जमतं, काय जमत नाही

बँडच्या आत मुख्य दोन गोष्टी असतात. एक हालचाल ओळखणारी चिप. तिच्यावरून पावलं मोजली जातात. दुसरी, मागच्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा. तो कातडीवर प्रकाश टाकतो, रक्ताच्या लहरीप्रमाणे परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून हृदयाचे ठोके काढतात. झोप, स्ट्रेस, कॅलरी हे बाकीचे आकडे बहुतेक या दोन मापांवरून लावलेले अंदाज असतात.

हे अंदाज किती बरोबर? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० लोकांवर ७ उपकरणं तपासली. त्यातल्या ६ उपकरणांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने सांगितले. चांगलंच म्हणायचं. पण कॅलरीच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. म्हणजे बँड म्हणाला ४०० कॅलरी जळल्या, म्हणून दोन समोसे जास्त खाल्ले, असा व्यवहार करू नका. ही उधारी वसूल होत नाही.

पावलांचं काय? पावलं बँड बऱ्यापैकी मोजतो, पण शहरातल्या चालण्याची. आपल्याकडचे कष्ट त्याला कळत नाहीत. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते, पण पावलं पडतात थोडी. डोक्यावर मोळी किंवा मोहफुलांची टोपली धरली की हात हलत नाही, मग मनगटावरचा बँड पावलं गाळतो. सायकल मारली तर पावलं जवळजवळ शून्य. उलट खराब रस्त्यावर मोटारसायकल चालवली की गचक्यांची पावलं फुकट जमा होऊ शकतात. म्हणून तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात पायपीट करणाऱ्या माणसाला बँड विकणं म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याची बाटली विकणं. त्याला चालण्याची आठवण करून द्यायची गरजच नाही.

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला तेही ऐका. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव लोकांच्या तोंडी बसलं. मार्केटिंग शिकायचं तर असं! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा वाढायचा थांबला. म्हणजे वयस्क माणसाला दहा हजारांचं दडपण घ्यायचं कारण नाही. जो अगदीच बसून आहे, त्याला सुरुवातीच्या दोन हजार पावलांचा भाव सगळ्यात जास्त.

आणि एक सावधगिरी. काही घड्याळं "सुई न टोचता रक्तातली साखर" दाखवतो म्हणतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला: असं स्वतःहून साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. अशा आकड्यावर कुणी इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त केली, तर जिवावर बेतू शकतं. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर या जाहिरातीपासून दूर राहा.

पायरी ४: आपल्या जिल्ह्यातला खरा धोका कोणता?

आता सगळ्यात महत्त्वाचं. धंद्यात आपण म्हणतो, आधी सगळ्यात मोठी गळती शोधा. आरोग्यातही तसंच.

'सर्च'च्याच डॉक्टरांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत दोन वर्षं, २०११ ते २०१३, झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या नंबरचं कारण काय निघालं? मलेरिया नाही, साप नाही. लकवा. मेंदूचा झटका, पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक, म्हणजे १४.३ टक्के. आणि यातले बहुतेक लोक दवाखान्यात नाही, घरीच गेले.

लकव्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. माणूस गल्ल्यावर बसून हिशेब करत असतो आणि आत प्रेशर वाढलेलं असतं. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांमध्ये २४ टक्के आणि स्त्रियांमध्ये २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असलेलं आढळलं. दर चार-पाच माणसांमागे एक. तुमच्या दुकानातल्या रांगेत कोणीतरी आहेच.

आणि साधा फिटनेस बँड रक्तदाब भरवशाने मोजत नाही. स्वस्त घड्याळाच्या पडद्यावर बीपीचा आकडा दिसला तरी त्यावर विसंबू नका. "माझ्या घड्याळात १२०/८० आहे" म्हणून गोळी बंद करणारा माणूस सगळ्यात मोठा धोका पत्करतो.

म्हणून माझा हिशेब असा आहे. चाळिशी ओलांडलेला, बसून धंदा करणारा, घरात आई-वडील असलेला दुकानदार असेल, तर त्याच दोन-अडीच हजारांत दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन आधी घ्या. ते घरातली सगळी मोठी माणसं वापरतील आणि बॅटरीचे सेल बदलले की वर्षानुवर्षं चालेल. मुख्य म्हणजे त्यात लाल मणी आहे: पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि वारंवार १४०/९० किंवा वर आलं, तर डॉक्टर. इतकं सोपं. मशीन घ्यायचं नसेल तर उपकेंद्रात किंवा धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी तपासून घ्या. तिथे त्याला पैसे लागत नाहीत.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको आणि खर्राही नको. खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचाही हिशेब करू. एक खर्रा २० रुपयांचा धरा, दिवसाला दोन. महिन्याला १,२०० रुपये. दोन महिन्यांत २,४०० रुपये, म्हणजे एक बँड किंवा एक बीपी मशीन थुंकून टाकलं. तंबाखूने रक्तदाब आणि नाडी वाढते, लकव्याचा धोका वाढतो. तोंडात खर्रा ठेवून मनगटावर हार्टरेट बघणं म्हणजे टाकीला भोक ठेवून मीटर बसवणं.

मग बँडचा फायदा कोणाला?

बँड बेकार आहे असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. ट्रॅकर वापरणारे सरासरी दिवसाला १,८०० पावलं जास्त चालले आणि वजन साधारण एक किलोने उतरलं. बसून काम करणाऱ्याला १,८०० पावलं मोठी गोष्ट आहे. पण एक उलटा निकालही आहे. अमेरिकेत ४७१ जाड तरुणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार, व्यायाम, समुपदेशन सगळ्यांना सारखं. निम्म्यांना वर ट्रॅकरही दिलं. दोन वर्षांनी ट्रॅकरवाल्यांचं वजन ३.५ किलोने कमी झालं, बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९ किलोने! म्हणजे बँड हाताला बांधला की काम झालं असं नाही.

आता माणसाप्रमाणे बघू.

भरतीची तयारी करणारे तरुण. पोलीस भरतीत मैदानी परीक्षा ५० गुणांची, त्यात मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण. इथे एकेक सेकंद मोलाचा. स्वस्त बँडमध्ये स्वतःचा जीपीएस बहुधा नसतो, तो फोनचा वापरतो किंवा पावलांवरून अंतर काढतो. समजा अंतरात ३ टक्के चूक झाली, तर १,६०० मीटरमागे ४८ मीटर, म्हणजे तुमच्या वेगात नऊ-दहा सेकंद. एवढ्यात गुण जातात. म्हणून वेळ मोजायला टेपने मोजलेलं मैदान आणि मोबाईलचं स्टॉपवॉच हेच खरं. बँडचा उपयोग दुसरा: सकाळी उठल्या-उठल्या नाडी किती, हे रोज बघा. नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल, अंग मोडून आलं असेल, तर त्या दिवशी जोर लावू नका. हा झाला तुमचा लाल मणी. पण हे दोन बोटं मनगटावर ठेवूनही मोजता येतं. तेव्हा पैसे कमी असतील तर आधी चांगले बूट.

भरतीवाल्यांना अजून एक सांगतो. आपल्या भागात सिकलसेल आहे, आणि तो बँडला कळत नाही. एका साध्या रक्ततपासणीत कळतो, सरकारी दवाखान्यात होते. ती एकदा करून घ्या आणि काही निघालं तर डॉक्टरांना विचारूनच सराव ठरवा. उन्हात, पाणी न पिता शरीराला ताणलं तर अशा माणसाला गंभीर त्रास होऊ शकतो.

बसून धंदा करणारे. किराणा, कापड, मेडिकल, झेरॉक्स, सेवा केंद्र. बीपी तपासून झालं असेल, तर बँडचा खरा गिऱ्हाईक तुम्ही. तासाभराने "उठा" म्हणून मनगटावर होणारी थरथर तुम्हाला उपयोगी आहे. फक्त ती दाबून बंद करायची नाही. उठून गोदामापर्यंत एक फेरी, हा नियम.

हृदयाचा आजार असलेले. बँड डॉक्टरची जागा घेत नाही. छातीत दुखतंय, घाम येतोय, आणि बँडवर सगळं ठीक दिसतंय म्हणून घरी थांबलात, असं करू नका. बँड हार्ट अटॅक ओळखत नाही. धानोऱ्याहून गडचिरोली साधारण ३५ किलोमीटर. १०८ ला फोन आणि थेट निघा.

पोलीस आणि सुरक्षा दलातले वाचक. तुमच्यासाठी वेगळी सूचना. जानेवारी २०१८ मध्ये 'स्ट्राव्हा' या धावण्याच्या ॲपच्या जागतिक नकाशावर अनेक देशांच्या लष्करी तळांचे आतले रस्ते उजळलेले दिसले होते, कारण जवान तिथे ट्रॅकर घालून धावत होते. धावण्याचा मार्ग ॲपवर सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. वरिष्ठांचा नियम काय आहे ते आधी विचारा.

मालकांसाठी: कामगारांना बँड वाटायचा विचार आहे?

काही मित्र विचारतात, दिवाळीला स्टाफला मिठाईऐवजी बँड दिला तर? भेट म्हणून द्या, जरूर द्या. पण त्यातला आकडा मागू नका.

नागपूर महापालिकेचं उदाहरण आहे. तिथे सुमारे ८,००० सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळं बांधली गेली. एका घड्याळाचं भाडं महिन्याला २०७ रुपये. म्हणजे महिन्याला साडेसोळा लाखांच्या आसपास. हजेरी नीट लागावी, कामचुकारपणा थांबावा हा हेतू. पण आपल्यावर सतत नजर आहे, ही कामगारांची तक्रार झाली आणि २०२० मध्ये ती बातमी देशाबाहेरही गेली. पालिकेची बाजू असेल, कामगारांची बाजू असेल. आपल्यासारख्या चार-पाच माणसांच्या दुकानाने घ्यायचा धडा एवढाच: भेट म्हणून दिलेलं यंत्र हजेरीचं यंत्र झालं की विश्वास तुटतो. आणि छोट्या धंद्यात विश्वासावरच गल्ला सोपवलेला असतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाच्या डिजिटल माहितीला संमतीचं संरक्षण दिलं आहे.

स्टाफसाठी खरंच काही करायचं असेल, तर बसायला बरी खुर्ची, दुपारी अर्धा तास सुट्टी आणि वर्षातून एकदा सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी. खर्च बँडपेक्षा कमी.

३० दिवसांची फुकट चाचणी

धानोऱ्यापासून तीन किलोमीटरवरचं मेंढा (लेखा) गाव तुम्हाला माहीतच आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं, देशभर गाजलेलं गाव. तिथली पद्धत अशी की आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचं. घरातल्या खरेदीलाही हीच पद्धत लावा. आधी अभ्यास, मग निर्णय.

१. भिंतीवर कॅलेंडर आहेच. रोज ३० मिनिटं भरभर चाललात तर त्या तारखेवर टिकली लावा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, म्हणजे आठवड्यात पाच टिकल्या पुरेत.

२. पावलंच बघायची असतील तर फोनमध्ये पावलं मोजायचं फुकटचं ॲप टाका. फोन खिशात ठेवून चाला. अंदाजाला तेवढं पुरतं.

३. एकदा बीपी तपासा आणि आकडा त्याच कॅलेंडरवर लिहा.

४. ३० दिवसांनी टिकल्या मोजा. २० किंवा जास्त असतील, तर तुम्ही ते दहावे माणूस आहात. बँड तुमच्या हातावर टिकेल, हवा तर घ्या. १० च्या खाली असतील, तर बँड घेऊनही तेच होणार. आधी चालायला सोबत शोधा. मधे असाल, तर अजून एक महिना.

घ्यायचं ठरलं, तर दुकानात हे पाच प्रश्न विचारा:

- एका चार्जमध्ये किती दिवस? आपल्याकडे वीज जाते. आठवडाभर तरी चालायला हवा.
- घाम आणि पाऊस सहन होतो का? तसं लेबलवर लिहिलंय का?
- बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठे? नागपूरला पाठवावा लागणार असेल तर जाण्यायेण्याचा खर्च किमतीत धरा.
- ॲप आपल्या फोनवर चालतं का? दुकानातच जोडून बघा.
- दर महिन्याला वेगळे पैसे भरल्याशिवाय सगळे आकडे दिसतात का?

आणि बिल घ्या. जीएसटी बिल नाही तर वॉरंटी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आजचा गृहपाठ

एका कागदावर हे वाक्य पूर्ण करा: "बँडवर ______ हा आकडा ______ पेक्षा कमी किंवा जास्त दिसला, तर मी त्याच दिवशी ______ करीन." तिन्ही रिकाम्या जागा भरता आल्या, तर खरेदीला निघा. शेवटची जागा रिकामी राहत असेल, तर पैसे गल्ल्यात राहू द्या आणि या आठवड्यात घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी तपासून घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशेब नीट ठेवा, शरीराचाही!